गाणं चालू होतं म्हणून

"बोल गं आई," मंदा म्हणाली. मंदा माझी लेक, मंचरला दिलेली. तिच्या फोनवर आईचं नाव आलं होतं, कारण आमच्या घरात फोन एकच आणि तो आईचा. मी नारायणगावात दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. नंबर शेजारच्या किसननं लावून दिला होता, मला लावता येत नव्हता. "आई, बोल ना... ऐकू येत न्हाई का?" असं ती दोनदा म्हणाली. मग मी म्हणालो, "मी हाय." आणि जे सांगायचं ते सांगितलं. मला वाटलं ती रडंल. ती आधी रडली नाही. आधी तिनं विचारलं, "किती येळ पडून व्हती आई?" मी म्हणालो, "मी लगेच पोचलो."

हौसाला, म्हणजे मंदाच्या आईला, जाऊन आता दोन महिने होत आले. खरं तर त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. पण आधी हौसाबद्दल लिहितो. पेपरच्या पुरवणीत लोक आपापल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, त्यात सगळी माणसं देवासारखी असतात. हौसा तशी नव्हती. तोंडाला तिखट, हाताला भारी, आणि एकदा मनात घेतलं की बैलाला वळवता येईल पण तिला नाही. पन्नास वर्षं मी तिचं ऐकलं, आणि पन्नास वर्षं मी तिचं ऐकत नाही अशी तिची तक्रार होती.

आमची वस्ती ओतूरच्या अलीकडं, गावापासून लांब. तिन्ही बाजूंनी ऊस. ऊस आला की बिबट्या आला, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. दोन वर्षांमागं किसनच्या दारातून त्याचं कुत्रं उचललं, तेही दिवसाढवळ्या. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, एकट्यानं शेतात वाकून काम करू नका, आवाज करत राहा, गाणी लावा. तेव्हापासून आमच्याकडच्या बाया गवताला निघाल्या की खुरप्या-विळ्याबरोबर फोनही निघतो. कुणाच्या पदराला बांधलेला, कुणाच्या गळ्यात. लांबून ऐकलं तर वाटतं पाच-सहा शेतांत पाच-सहा लग्नं लागलीत. हौसाकडं फोन नव्हता. ती ताट बडवायची. एका हातानं ताट बडवून दुसऱ्या हातानं गवत कापायचं, हे काम कुणालाच जमत नाही. मी म्हणालो, "बोलत जा की तोंडानं, तोंड काय थोडं हाय तुला?" तर म्हणाली, "बोलू कुणाशी? तुमच्याशी बोलून पन्नास वर्सं झाली, एक उत्तर आलं न्हाई. बिबट्या तरी काय देणार?"

मंदा तिचा जुना फोन द्यायला तयार होती, काचेचा, बोटानं सरकवायचा. हौसानं तो दोन दिवस वापरला. मातीच्या हातानं काही चालेना. बोट ओलं असलं तर ऐकेना, कोरडं असलं तर भलतंच उघडायचा. एकदा ती गाणं लावायला गेली आणि समोर मंदाच्या सासूचं तोंड दिसायला लागलं. हौसा तिथंच पदर सावरून बसली. फोन परत गेला. "मी गवत कापू का काच पुसू?" म्हणाली. मग बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं जीपनं नारायणगावला गेलो, स्वतःचा फोन घ्यायला.

एसटी स्टँडसमोर शेठचं दुकान आहे. शेठचा आजा राजस्थानातून आला, पण शेठ आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो, शिव्यांसकट. त्यानं आधी मोठे फोन काढले. कॅमेरा असा आहे, तसा आहे म्हणाला. हौसा म्हणाली, "कॅमेरा कशाला? वाघानं धरलं तर फोटू काढू का?" मग त्यानं बटणांचे स्वस्तातले फोन मांडले, पाच-सहा. एकाला टॉर्च, एकाला दोन कार्डं, एकाला रेडिओ. हौसा म्हणाली, "शेठ, ह्यातल्या कुणाचा आवाज लांब जातो?" शेठ म्हणाला, "आजी, सगळ्यांचा सारखाच." "सारखी तर माणसं बी नसत्यात," असं म्हणून ती दुकानाच्या बाहेर पडली, हायवे ओलांडून पार स्टँडच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथून हात करून सांगायला लागली, लावा! शेठनं एक लावला. मधून ट्रक, टोमॅटोचे टेम्पो, एसट्या. तिनं हात हलवून नाही म्हटलं. दुसरा लावला. नाही. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडं बघत होती आणि मी असा उभा होतो की ती बाई माझी कुणी नाही. तिसरा म्हणजे सगळ्यांत जाडा, सगळ्यांत स्वस्त, साबणाच्या वडीसारखा काळा फोन. तो लावल्यावर तिनं तिथूनच दोन्ही हात वर केले.

परत आल्यावर तिनं तो हातात घेतला आणि विचारलं, "पडला तर?" शेठ हसून म्हणाला, "पडला तर उचलायचा." तिनं काउंटरवरून खाली सोडून दिला. झाकण एकीकडं, बॅटरी एकीकडं. शेठचं हसू गेलं. तिनं वाकून सगळं गोळा केलं, शेठनं जोडून दिलं, आणि फोन चालू झाला. "घेते," म्हणाली. मी बाहेर आल्यावर म्हणालो, "लोक फोन कानाला लावून घेत्यात, तू रस्त्यापलीकडनं घेतलास." तर म्हणाली, "तुमाला कानाला लावून घेतलं व्हतं, काय फायदा झाला?"

शेठनं त्यात गाण्यांचं कार्ड भरून दिलं. भजनं, गवळणी, जुनी गाणी. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की मंदाला फोन लागतो, एवढं तिला शिकवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बटण कुठं आहे हे बोटाला पाठ झालं. त्या भजनांमध्ये शेठच्या चुकीनं एक वरातीतलं गाणं शिरलं होतं. नुसतं धडधड धडधड आणि मधेच बाई किंचाळते. ते आलं की हौसा असेल तिथून उठायची. हातात विळा असो, कणकेचे हात असोत. "मेली आली पुन्यांदा," म्हणायची आणि बटण दाबून पुढचं लावायची. काढून टाकायला शेठकडं नेलं तर तो म्हणाला, सगळं कार्ड नवं भरावं लागंल. मग राहिलं. दिवसातून चार वेळा तरी ते गाणं सुरू व्हायचं आणि चार वेळा ती त्याचा गळा दाबायची. मी ते पुरतं कधी ऐकलं नव्हतं.

फोन ती नाडीला बांधून गळ्यात घालायची. गवतात वाकायच्या वेळी काढून बांधावर ठेवायची, दगडाला टेकवून, आणि आवाज येतो त्या भोकांचं तोंड घराकडं करायची. मी एकदा म्हणालो, "अगं, बिबट्या उसात, आणि तोंड घराकडं कशाला?" तर म्हणाली, "तुमाला कळाया नगं का, मी हाय म्हणून?" तेव्हापासून ती म्हशीच्या चाऱ्याला घासाच्या तुकड्यात गेली की मी पडवीत बसून हातातलं काम करायचो आणि कान तिकडं असायचा. ऐकायचो असं नाही. पण गाणं चालू आहे म्हणजे हौसा आहे, हे डोक्यात बसून गेलं. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजते म्हणजे बैल जाग्यावर आहे, तसं. चूक असेल तर ती इथं आहे. घंटा बैलाच्या गळ्यात असते. फोन बांधावर होता.

एकदा मात्र बिबट्या खरंच समोर आला. सकाळची उन्हं होती. तिच्या हातातला विळा तसाच राहिला, आणि तिनं फोन उचलून पुढं धरला, जसा कंदील धरावा तसा. भजन चालू होतं. बिबट्या उभा राहिला, बघितलं, आणि शेपटी हलवत उसात निघून गेला. ती घरी आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "भजन सरूस्तवर ऐकलं त्यानं. माळकरी असंल." ही गोष्ट तिनं सगळ्या वस्तीला सांगितली. दर वेळी बिबट्या थोडा मोठा व्हायचा. किसनची बायको म्हणायची, "आत्ते, पुढच्या खेपेला त्याला टिळा लावा."

संध्याकाळी सात वाजता मंदाचा फोन यायचा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. हौसा टाकीच्या दगडावर उभी राहून बोलायची. आमच्या बोलण्यात कामापुरते शब्द असायचे, पण लेकीशी बोलताना तिचा आवाज बदलायचा. कांद्याचा भाव, म्हशीचा पान्हा, माझ्या तक्रारी, सगळं जायचं. शेवटी मला हाक मारायची, "बोला लेकीशी." मी म्हणायचो, "काय बोलू, तू सगळं सांगितलंस." एवढ्यावर माझा फोन वापरणं संपायचं. तुमाला बी एक घ्या म्हणून ती किती वेळा म्हणाली, तसाच दुसरा, स्वस्तातला. मी म्हणायचो, मला काय करायचाय, तू हायस की घरात.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर ती घासाला गेली. नेहमीसारखीच गेली. मी पडवीत दोर वळत होतो. पलीकडून गाणी येत होती. उन्हं कलायला लागली होती. मग ते वरातीतलं गाणं सुरू झालं. मी दोराचा पीळ देत वाट बघितली, आता बंद होईल. नाही झालं. ते धडधड करत राहिलं, ती बाई किंचाळली, परत धडधड... आणि मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, आज म्हातारीला नाचावंसं वाटलं का काय. मी ते गाणं पहिल्यांदा पुरतं ऐकलं. मग भजन लागलं. मग मी उठून चहा ठेवला, दोघांचा. माझा प्यायलो. तिचा झाकून ठेवला. आणखी दोन-तीन गाणी झाली. चहा निवायला लागला म्हणून मी निघालो, आणि तोही रागानं निघालो, की बाईला वेळेचं भान नाही.

ती गवताच्या भाऱ्याजवळ पडली होती, एका कुशीवर. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, पण माझ्याकडं नव्हते. फोन बांधावर जसा ठेवला होता तसा, तोंड घराकडं, गात होता. मी हाका मारत होतो आणि तो गात होता. मला तो बंद करता येईना. मी कुठलंही बटण दाबलं की दुसरं गाणं लागायचं. शेवटी तसाच खिशात घातला, आणि किसनच्या जीपमध्ये नारायणगावच्या वाटेला माझ्या खिशात भजनं चालू होती. किसननं ती मधेच कधीतरी बंद केली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, मोठा आहे. मी विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही, बाबा." तासाभरात ती गेली. त्या डॉक्टरनं खोटं बोलून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'सांगता येत नाही' हे घेऊन माणसानं कुठं जायचं?

दहाव्यापर्यंत घर भरलेलं होतं. येईल त्या बाईला मंदा सांगायची, "आण्णा लगेच पोचले व्हते. आई एकटी न्हाई पडली." हे सांगताना तिला बरं वाटायचं, ते दिसत होतं. तेवढ्या एका गोष्टीला धरून ती उभी होती. आणि बाया माझ्याकडं बघून म्हणायच्या, "मामा धावले बगा, ह्या वयात." मी खाली बघायचो. त्यांना वाटायचं, दुःखानं.

मंदा मंचरला गेल्यावर मी फोन घेऊन शेठकडं गेलो. त्याला विचारलं, ह्यात कळतं का, गाणं किती वाजता वाजलं? तो म्हणाला, "बाबा, कुणी कुणाला फोन केला ते राहतं. गाणी कधी वाजली ते ह्या फोनमध्ये राहत नाही." मग मी म्हणालो, बरं, तिनं त्या टायमाला मंदाला लावायचा प्रयत्न केला होता का, ते बघ. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. "नाही लावला, बाबा. आदल्या दिवशीचा आहे. त्या दिवशी दुपारी एकही नाही." मी विचारलं, म्हणजे काय समजायचं? शेठ एरवी कुणालाही बोलून गप्प करणारा माणूस. त्यानं फोन पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घरी जा." मी गेलो. मोठा, भारी फोन घेतला असता तर त्यात कळलं असतं का, हे विचारायचं राहून गेलं. कळून तरी काय करणार होतो म्हणा.

एका संध्याकाळी मंदाचा सातचा फोन आला. आता टाकीच्या दगडावर मी उभा राहतो. हिरवं बटण दाबलं की उचलतो, लाल दाबलं की ठेवतो, एवढं मला येतं. ती म्हणाली, "जेवला का आण्णा?" मी म्हणालो, "मंदे, मी लगेच पोचलो नव्हतो." आणि सगळं सांगितलं. गाणं, हसलो ते, चहा. मला वाटलं ती ओरडंल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिकडं कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. मग ती म्हणाली, "बरं. जेवा तुमी." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. जेवला का, म्हशीनं किती दूध दिलं, सगळं विचारलं. ते विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी काढायला जायचो आणि ती घाईनं दुसरं काही काढायची.

मग महिन्याच्या श्राद्धाला ती आली. पाच-सात घरची माणसं जेवायला होती. मंदा वाढत होती. किसनची सासू, म्हातारी बाई, उशिरा कळलं म्हणून तेव्हा पहिल्यांदाच भेटायला आलेली. ती मोठ्यानं म्हणाली, "काय गं मंदे, तुजा बाप लगेच पोचला म्हनं? तेवढं तरी नशीब." मी पानावरून वर बघितलं. मंदाच्या हातात आमटीचं भांडं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती म्हणाली, "व्हय. लगेच गेले." आणि त्या म्हातारीला आमटी वाढून पुढच्या पानाकडं गेली.

ते खोटं माझं होतं. माझ्या तोंडात होतं तोवर माझं मी बघून घेत होतो. आता ते तिच्या तोंडात गेलं. आधी ती सांगायची ते खरं समजून सांगायची, आता माहीत असून माझ्यासाठी सांगते. आईचं जे काही राहिलं असेल तिच्याकडं, त्याला मी हे चिकटवून दिलं. ते परत कसं घ्यायचं ते मला कळत नाही. तिला म्हणालो, "सांगून टाक लोकांना, काय व्हायचं ते व्हईल." तर म्हणाली, "आण्णा, तुमी गप बसा." आईसारखंच म्हणाली. पण आई म्हणायची तेव्हा त्याच्यापुढं काहीतरी भांडण असायचं. हिच्या म्हणण्यापुढं काहीच नव्हतं.

चौथीपर्यंत शिकलोय, लिहायला येतं. म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ज्यांनी मी धावलो असं ऐकलंय, त्यांनी हे वाचावं, आणि परत मंदाला विचारू नये. विचारायचं असेल तर मला विचारा. फोन माझ्याकडंच आहे. नंबर तोच.

धाडायच्या आधी हे सगळं मंदाला फोनवर वाचून दाखवलं, टाकीच्या दगडावर उभं राहून. मधे दोनदा रेंज गेली, दोनदा तिनं परत लावला. पुरं होईस्तवर तिनं ऐकलं. मग म्हणाली, "आण्णा, चहाचं तेवढं काढा ना."

मी म्हणालो, "का?"

"काढा. लोक काय म्हणतील ते जाऊ द्या... मलाच ऐकवत न्हाई. तिचा झाकून ठेवला ते राहू द्या. तुमी प्यायला ते काढा."

मी बघतो म्हणालो, आणि लाल बटण दाबलं. आत येऊन वही उघडली, त्या ओळीवर पेन ठेवलं. बराच वेळ ठेवलं. खोडता आलं नाही.